जुनं कॉन्फिगर नव्या मशीनवर: नवशिक्यांसाठी पायऱ्या

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीत वजनकाट्याशेजारी आमचा एक छोटा प्रोग्रॅम चालतो. काट्यावर कास्टिंग (साच्यात ओतलेला भाग) ठेवलं की सिरीयल केबलमधून वजनाचा आकडा येतो, प्रोग्रॅम तो वाचतो आणि हीट नंबरासोबत (एका वेळी वितळवलेल्या धातूचा क्रमांक) नोंदवून ठेवतो. सी भाषेत, २००६ साली लिहिलेला. तिथला जुना कॉम्प्युटर बंद पडला तेव्हा त्याच्या जागी रास्पबेरी पाय हा छोटा कॉम्प्युटर बसवायचं ठरलं. त्यावर डेबियन १३ या लिनक्सवर आधारलेली ६४ बिटची सिस्टिम होती.

पहिला अडथळा लगेच आला. कॉन्फिगर ही बिल्डच्या आधी (सोर्समधून प्रोग्रॅम तयार करण्याआधी) मशीनवर काय काय आहे ते तपासणारी स्क्रिप्ट. ते चालवलं, तर त्याला हे मशीन कुठल्या जातीचं तेच ओळखता येईना. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलानं मशीनचं नाव हातानं देऊन तो अडथळा ओलांडला. पुढे बिल्ड बिनतक्रार झाला. काट्याला जोडला, आणि एकही वजन येईना. एरर नाही, काही नाही, पडदा नुसता कोरा. दोन दिवस आम्ही केबल आणि कन्व्हर्टर बदलत बसलो. केबलचा काही दोष नव्हता. दोष होता कॉन्फिगरनं गुपचूप दिलेल्या एका चुकीच्या उत्तरात.

तिसऱ्या दिवशी कन्व्हर्टर आणायला उद्यमनगरात गेलो होतो. ओळखीच्या पॅटर्नवाल्या (कास्टिंगचा साचा ज्यावरून बनतो तो नमुना करणाऱ्या) मामांकडे चहा घेताना त्या मुलानं त्यांना सांगितलं, ‘मामा, कॉन्फिगर फाइलच हातानं दुरुस्त करतोय आता.’ मामांना कॉन्फिगर म्हणजे काय ते ठाऊक असायचं कारण नव्हतं. पण ही फाइल दुसऱ्या फाइलीतून तयार होते, एवढं समजल्यावर ते म्हणाले, ‘आरं पोरा, कास्टिंग घासून काय हुतंय? पुढचं बी तसंच निघणार. पॅटर्नलाच हात घाल की.’

पुढच्या सगळ्या पायऱ्या याच वाक्यावर उभ्या आहेत. फाइलींची, आज्ञांची आणि मॅक्रोंची नावं इथे उच्चारानुसार देवनागरीत दिली आहेत. टाइप करताना ती नेहमीप्रमाणे रोमन अक्षरांतच लिहायची, आणि ‘एसी_’, ‘एएम_’ अशी सुरू होणारी नावं मोठ्या अक्षरांत.

आधी ओळखा: पॅटर्न कुठला, कास्टिंग कुठलं

कॉन्फिगर आणि मेकफाइली तयार करून देणारी ऑटोकॉन्फ आणि ऑटोमेक ही टूलं वापरणाऱ्या प्रोजेक्टमध्ये माणसानं लिहिलेल्या फाइली मोजक्याच असतात. एक कॉन्फिगर.एसी (जुन्या प्रोजेक्टात कॉन्फिगर.इन), प्रत्येक फोल्डरातली मेकफाइल.एएम, आणि असलेच तर काही एम४ मॅक्रो (मॅक्रो म्हणजे मोठ्या मजकुरात उलगडणारं छोटं नाव, आणि ते उलगडण्याचं काम एम४ करतो). हे पॅटर्न. कॉन्फिगर, मेकफाइल.इन, एसीलोकल.एम४, कॉन्फिग.गेस, कॉन्फिग.सब हे सगळं त्यांतून ओतलेलं किंवा टूलनं आणून ठेवलेलं. कॉन्फिगर ही हजारो ओळींची शेल स्क्रिप्ट असते. तिच्यात हातानं केलेली दुरुस्ती पुढच्या वेळी ती तयार झाली की पुसली जाते.

ऑटोकॉन्फ १९९१ साली डेव्हिड मॅकेन्झी यांनी सुरू केलं. जुन्या फाइली इतकी वर्षं का खपल्या याचं एक कारण त्याच्या आवृत्त्यांत सापडतं. २.६९ ही आवृत्ती २०१२ ची, आणि त्यानंतरची २.७० आली ती थेट डिसेंबर २०२० मध्ये. मधली आठ वर्षं कुणाला काही बदलावं लागलं नाही. आज डेबियन १३ वर २.७२ मिळते, आणि तिथे साचलेल्या सगळ्या वॉर्निंग एकदम अंगावर येतात. घाबरू नका. त्यातल्या बहुतेक नुसत्या नावबदलाच्या असतात.

पहिली पायरी: जुनं चालतं तिथे चालवून नोंद घ्या

नवीन माणूस ही पायरी हमखास सोडतो, आणि पुढे सगळ्यात जास्त उपयोग हिचाच होतो. काहीही बदलण्याआधी, प्रोजेक्ट जिथे नीट बिल्ड होतो अशा वातावरणात तो एकदा बिल्ड करा. जुनं मशीन नसेल तर डॉकरमध्ये (आपल्याच मशीनवर वेगळी सिस्टिम चालवू देणारं टूल) डेबियन ११ चा कंटेनर घ्या. त्यात जीसीसी १० हा सी कंपाइलर आणि ऑटोकॉन्फ २.६९ आहे, म्हणजे बऱ्याच जुन्या प्रोजेक्टना चालणारी हवा. रेपोत (प्रोजेक्टच्या गिट साठ्यात) आहे तेच कॉन्फिगर तिथे चालवा आणि तयार झालेल्या दोन फाइली बाजूला ठेवा: कॉन्फिग.एच आणि कॉन्फिग.लॉग.

कॉन्फिग.एच ही कॉन्फिगरनं विचारलेल्या सगळ्या प्रश्नांची उत्तरपत्रिका असते. अमुक फंक्शन आहे का, तमुक हेडर आहे का, सगळं तिच्यात. जुनी उत्तरपत्रिका हाताशी असेल तरच नवीन उत्तरं बरोबर आली की नाही ते कळतं.

मग गिटमध्ये वेगळी ब्रँच काढा. यापुढची प्रत्येक पायरी वेगळी कमिट.

दुसरी पायरी: तयार फाइली रेपोतून बाहेर काढा

‘गिट आरएम --कॅश्ड’ देऊन कॉन्फिगर, मेकफाइल.इन, एसीलोकल.एम४ वगैरे रेपोतून काढा आणि त्यांची नावं .गिटइग्नोर मध्ये घाला. काही प्रोजेक्ट त्या मुद्दाम ठेवतात, म्हणजे ज्याच्याकडे ऑटोकॉन्फ नाही त्यालाही बिल्ड करता यावं. माझं मत विरुद्ध आहे. अशा माणसासाठी रिलीजची टारबॉल, म्हणजे तयार फाइलींसकट बांधलेलं गाठोडं, असते. रेपोत तयार फाइली राहिल्या की दर कमिटमध्ये हजारो ओळींचा फरक दिसतो, तो कुणी वाचत नाही, आणि न वाचलेल्या फरकात काहीही दडू शकतं.

फाइलीचं नाव कॉन्फिगर.इन असेल तर ‘गिट एमव्ही’नं ते कॉन्फिगर.एसी करा. एवढीच एक कमिट.

तिसरी पायरी: सगळ्या वॉर्निंग बघा

‘ऑटोरीकॉन्फ --फोर्स --इन्स्टॉल --वॉर्निंग्ज=ऑल’ ही आज्ञा द्या. फोर्समुळे सगळ्या फाइली नव्यानं तयार होतात, आणि इन्स्टॉलमुळे कॉन्फिग.गेस, कॉन्फिग.सब यांसारख्या मदतनीस फाइलींच्या ताज्या प्रती येतात. आमचा पायवरचा पहिला अडथळा एवढ्यानंच गेला. या दोन फाइलींच्या सुरुवातीला तारीख लिहिलेली असते. आमच्या कॉन्फिग.गेसमध्ये ती २००६ ची होती, आणि तेव्हा ६४ बिटचा एआरएम प्रोसेसर जन्मालाच आला नव्हता. तिनं ओळखायचं तरी कसं?

आलेल्या वॉर्निंग एका फाइलीत साठवा. काही ठिकाणी वॉर्निंगऐवजी एररच येईल. उदाहरणार्थ, एएम_कॉन्फिग_हेडर हा मॅक्रो ऑटोमेक १.१३ पासून काढूनच टाकला आहे. त्या जागी एसी_कॉन्फिग_हेडर्स लिहा, शेवटचा ‘स’ विसरू नका.

चौथी पायरी: ऑटोअपडेट, आणि त्याच्या मागून तुम्ही

ऑटोअपडेट हे टूल कॉन्फिगर.एसी मधले जुने मॅक्रो नव्या रूपात लिहून देतं. मूळ फाइलीची प्रत नावाच्या शेवटी लहरीचं चिन्ह (~) लावून ठेवतं, पण तिच्यावर विसंबू नका. आधी कमिट करा आणि मगच चालवा. नंतर ‘गिट डिफ’ उघडून ओळ न् ओळ वाचा.

त्यात साधारण असे बदल दिसतील. एसी_हेल्प_स्ट्रिंगचं एएस_हेल्प_स्ट्रिंग होतं. एसी_आउटपुटच्या कंसात दिलेली मेकफाइलींची यादी एसी_कॉन्फिग_फाइल्समध्ये जाते आणि एसी_आउटपुट शेवटी मोकळं उरतं. एसी_ट्राय_कंपाइल आणि एसी_ट्राय_लिंक यांच्या जागी एसी_कंपाइल_इफएल्स आणि एसी_लिंक_इफएल्स येतात, आत एसी_लँग_प्रोग्रॅमसह. लिबटूल वापरत असाल तर एसी_प्रोग_लिबटूलची जागा एलटी_इनिट घेतो.

हे सगळं चांगलंच आहे, पण ऑटोअपडेटला तुमच्या तपासणीचा अर्थ कळत नाही. ते तिचं नाव बदलतं, आतला मजकूर तसाच ठेवतं. आमचा घात इथेच झाला असता. तो सातव्या पायरीत सविस्तर बघू.

पाचवी पायरी: फाइलीचं डोकं हातानं लिहा

जुन्या फाइलीत एसी_इनिटच्या कंसात एका सोर्स फाइलीचं नाव असतं आणि प्रोजेक्टचं नाव व आवृत्ती एएम_इनिट_ऑटोमेकला दिलेली असते. आता नाव आणि आवृत्ती एसी_इनिटला द्यायची, सोर्स फाइल एसी_कॉन्फिग_एसआरसीडिरला. क्रम असा ठेवा: एसी_प्रीरेक, एसी_इनिट, एसी_कॉन्फिग_एसआरसीडिर, एसी_कॉन्फिग_ऑक्स_डिर, एसी_कॉन्फिग_मॅक्रो_डिर, मग एएम_इनिट_ऑटोमेक, मग एसी_कॉन्फिग_हेडर्स. ऑक्स_डिर ऑटोमेकच्या ओळीआधीच यायला हवं. त्याला ‘बिल्ड-ऑक्स’ फोल्डर दिलंत की मदतनीस फाइलींचा पसारा वरच्या फोल्डरात राहत नाही.

एएम_इनिट_ऑटोमेकला ‘फॉरेन’ हा पर्याय द्या. नाहीतर ते न्यूज, ऑथर्स, चेंजलॉग या फाइली मागत बसतं. एसी_प्रीरेकमध्ये २.६९ लिहिणं मला बरं वाटतं. रेड हॅटच्या आरएचईएल ८ आणि ९ या लिनक्सवर अजून तीच आवृत्ती आहे, आणि लहान प्रोजेक्टला तिच्यापुढचं सहसा काही लागत नाही.

चौकोनी कंसांची सवय इथेच लावून घ्या. मॅक्रोला दिलेली प्रत्येक गोष्ट चौकोनी कंसात असावी. खाली काम करणारा एम४ स्वल्पविराम दिसला की तिथे मजकूर तोडतो, कंस असेल तरच सोडतो. पूर्वी ही ढिलाई बऱ्याचदा खपून जायची. २.७० पासून अशा काही फाइली अडकतात आणि एरर भलत्याच ओळीवर दाखवतात. एररची ओळ बरोबर वाटत असेल तर तिच्या वरच्या मॅक्रोचे कंस मोजा.

सहावी पायरी: मेलेल्या तपासण्या काढा

आमच्या फाइलीत एसी_हेडर_एसटीडीसी होतं, म्हणजे स्टँडर्ड सी चे हेडर आहेत का ही तपासणी. ते हेडर १९८९ च्या मानकापासून सगळीकडे आहेत. एसी_टाइप_सिग्नल तसंच. पण काढण्याआधी ‘ग्रेप’नं शोधून बघा, की त्या तपासणीचं उत्तर कोडात कुठे वापरलंय का. एसी_टाइप_सिग्नल काढलंत तर कोडातल्या आरईटीएसआयजीटाइपच्या जागी व्हॉइड लिहायला लागेल. ज्याचं उत्तर कोडात कुणीच वाचत नाही ती तपासणी बिनधास्त काढा.

सातवी पायरी: गुपचूप ‘नाही’ म्हणणाऱ्या तपासण्या शोधा

इथे वेळ द्या. बाकीच्या पायऱ्यांत चूक झाली तर एरर येते, इथे येत नाही.

कॉन्फिगर एखादं फंक्शन आहे का ते कसं शोधतं? तीन-चार ओळींचा एक प्रोग्रॅम लिहितं आणि कंपाइलरला देतं. झाला कंपाइल, तर उत्तर ‘आहे’. नाही झाला, तर ‘नाही’. का नाही झाला, हे ते विचारत नाही. त्या छोट्या प्रोग्रॅममध्येच दोष असला तरी उत्तर ‘नाही’च.

आता कंपाइलर कडक झाले आहेत. ओळख न देता वापरलेल्या फंक्शनला जुनं जीसीसी वॉर्निंग देऊन पुढे जायचं. मे २०२४ मध्ये आलेल्या जीसीसी १४ पासून ती सरळ एरर झाली आहे, आणि क्लँग या दुसऱ्या कंपाइलरनं तेच १६ व्या आवृत्तीपासून केलंय. मेनच्या आधी इंट न लिहिणं हीसुद्धा आता एरर. ऑटोकॉन्फ २.१३ च्या काळात तयार झालेल्या कॉन्फिगरमध्ये मेन तसाच लिहिलेला असायचा, त्यामुळे ते नव्या कंपाइलरवर पहिल्याच प्रश्नाला कोसळतं. ते निदान दिसतं तरी.

आमच्या फाइलीत सीएफमेकरॉ या फंक्शनसाठी हातानं लिहिलेली तपासणी होती. हे फंक्शन सिरीयल पोर्टला ‘आलेली अक्षरं जशीच्या तशी दे, मध्ये काही बदलू नकोस’ असं सांगतं. तपासणीतल्या छोट्या प्रोग्रॅममध्ये एकच ओळ होती: सीएफमेकरॉला शून्य देऊन हाक मारायची. त्या फंक्शनची ओळख देणारं टर्मिऑस.एच हे हेडर घेतलेलंच नव्हतं. २००६ मध्ये चाललं. जीसीसी १४ वर कंपाइल फसलं, आणि कॉन्फिगरनं लिहून टाकलं की हे फंक्शन या मशीनवर नाही.

मग आमच्या कोडानं पर्यायी वाट धरली. त्या वाटेवर पोर्टच्या खुणा हातानं लावल्या होत्या, आणि त्यांत आयसीआरएनएल ही खूण बंद करायची राहिली होती. ही खूण चालू असली की आलेलं १३ क्रमांकाचं अक्षर सिस्टिम १० चं करून देते. काटा प्रत्येक वजनाच्या शेवटी १३ पाठवतो. आमचा प्रोग्रॅम १३ ची वाट बघत बसला. आकडे येत होते, पण वजन संपल्याची खूण कधीच मिळत नव्हती.

ऑटोअपडेटनं ही तपासणी एसी_लिंक_इफएल्स केली असती. आतली ओळ तीच राहिली असती आणि वजन तरीही आलं नसतं. खरी दुरुस्ती अशी: त्या सहा ओळी काढून एकच ओळ लिहिली, एसी_चेक_फंक्स आणि चौकोनी कंसात सीएफमेकरॉ. हा मॅक्रो फंक्शनची ओळख स्वतः लिहून घेतो, त्यामुळे नव्या कंपाइलरवरही बरोबर उत्तर देतो. शिवाय सीएफमेकरॉ पॉझिक्स या युनिक्ससारख्या सिस्टिमच्या मानकात नाही, म्हणून एसी_प्रोग_सीसीच्या लगेच खाली एसी_यूज_सिस्टिम_एक्स्टेन्शन्स टाकलं, आणि प्रत्येक .सी फाइलीत कॉन्फिग.एच सगळ्यांत आधी इन्क्लूड होतंय हे पाहिलं.

अशी जागा तुमच्या प्रोजेक्टात शोधायची कशी? पहिल्या पायरीत ठेवलेली कॉन्फिग.एच काढा, नवीन कॉन्फिग.एच तयार करा, आणि दोन्हींवर ‘डिफ’ चालवा. आमच्या डिफमध्ये जुन्या बाजूला ‘#डिफाइन हॅव_सीएफमेकरॉ १’ होतं आणि नव्या बाजूला ‘/* #अनडेफ हॅव_सीएफमेकरॉ */’. अशी जी जी ओळ दिसेल, तिचं नाव नव्या कॉन्फिग.लॉगमध्ये शोधा. फसलेला छोटा प्रोग्रॅम आणि कंपाइलरची तक्रार दोन्ही तिथे शब्दशः असतात. ‘आहे’चं ‘नाही’ झालेल्या प्रत्येक ओळीचं कारण तुम्हाला सांगता आलं पाहिजे. एकाही ओळीला ‘असेल काहीतरी’ म्हणून सोडू नका. दोन दिवसांचं काम वीस मिनिटांत झालं असतं, ते या एका डिफनं.

आणखी एक सापळा. कॉन्फिगर.एसी मध्ये वरच्या बाजूला कुणी सीफ्लॅग्जमध्ये (कंपाइलरला द्यायच्या पर्यायांत) -वेरर घातलं असेल तर साधी वॉर्निंगही एरर होते आणि खालच्या तपासण्या अशाच गुपचूप फसतात. ते काढा. हवंच असेल तर मेकफाइल.एएम मध्ये एएम_सीफ्लॅग्जला द्या.

आठवी पायरी: मेकफाइल.एएम

हे पटकन होतं. इन्क्लूड्स हे जुनं नाव बदलून एएम_सीपीपीफ्लॅग्ज करा. सीफ्लॅग्ज, एलडीफ्लॅग्ज ही बिल्ड करणाऱ्याची नावं आहेत, तुमच्या फाइलीत त्यांना हात लावू नका. सोर्स फाइली वेगवेगळ्या फोल्डरात असतील तर ‘सबडिर-ऑब्जेक्ट्स’ हा पर्याय एएम_इनिट_ऑटोमेकमध्ये ‘फॉरेन’च्या शेजारी लिहा.

नववी पायरी: बाहेरच्या लायब्ररी

फर्नेसच्या पॅनेलशी बोलायला आम्ही लिबमॉडबस ही लायब्ररी वापरतो. जुन्या फाइलीत तिचा पत्ता ‘/यूएसआर/लोकल/लिब’ असा ठोकून बसवला होता. त्याऐवजी पीकेजी_चेक_मॉड्यूल्स वापरा. लायब्ररी कुठे आहे आणि कुठले फ्लॅग लागतात ते पीकेजी-कॉन्फिग स्वतः सांगतं. फक्त ते मशीनवर बसवलेलं असू द्या. नसेल तर हा मॅक्रो न उलगडता तसाच कॉन्फिगरमध्ये उतरतो, शेल सिंटॅक्स एरर देतं, आणि नवीन माणूस आपल्या फाइलीत कंस शोधत बसतो.

दहावी पायरी: एम४ फोल्डरातली प्रत्येक फाइल कुठून आली ते लिहून ठेवा

मार्च २०२४ मध्ये एक्सझी या कॉम्प्रेशनच्या प्रोजेक्टात चोरदरवाजा सापडला. ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांच्या टारबॉलमध्ये एक बदललेली एम४ फाइल होती, बिल्ड-टू-होस्ट.एम४ नावाची. गिट रेपोत ती नव्हती. बिल्ड करताना तीच फाइल घातक कोड आत ओढत होती. दूरच्या मशीनवर शिरायच्या एसएसएच लॉगिनला किंचित जास्त वेळ लागतोय हे अँड्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या डेव्हलपरच्या लक्षात आलं आणि २९ मार्चला प्रकार उघड झाला. एम४ फाइली कुणी वाचत नाही, याच भरवशावर ती तिथे ठेवली गेली होती.

म्हणून कुठूनतरी उचलून आणलेल्या, आता न लागणाऱ्या एम४ फाइली काढून टाका. राहतील त्यांच्यासाठी त्या फोल्डरात एक छोटी टीप ठेवा: कुठून घेतली, कुठली आवृत्ती, आपण काही बदललंय का. आमच्याकडे सात होत्या, दोन उरल्या.

अकरावी पायरी: मेक डिस्टचेक, आणि मग खरं मशीन

‘मेक डिस्टचेक’ टारबॉल तयार करतं, ती दुसरीकडे उलगडतं, सोर्स फोल्डरात काही लिहू न देता वेगळ्या फोल्डरात बिल्ड करतं, तपासण्या चालवतं, इन्स्टॉल करून परत काढतं. एखादी हेडर फाइल मेकफाइल.एएम मध्ये लिहायची राहिली असेल तर ती इथे सापडते. पहिल्या खेपेला ते बहुधा फसेल. आमचं तीनदा फसलं, तिन्ही वेळा राहून गेलेल्या हेडरमुळे.

सगळं ऑटोकॉन्फ टाकून मेसन किंवा सीमेक या दुसऱ्या बिल्ड टूलवर जावं का, असं मुलं विचारतात. जाता येतं, सिस्टिमडीसारखे मोठे प्रोजेक्ट मेसनवर गेलेही आहेत. पण वरच्या पायऱ्या आधी करा. कुठल्या तपासण्या खरंच लागतात आणि कुठल्या मेल्या आहेत हे माहीत नसताना केलेलं स्थलांतर जुना कचरा नव्या भाषेत लिहून ठेवतं.

डिस्टचेक पार झाल्यावर ज्या मशीनवर प्रोग्रॅम चालणार तिथे नव्या क्लोनपासून बिल्ड करा, जुन्या फोल्डरात नव्हे. रीडमीमध्ये दोन ओळी घाला: कुठली पॅकेजेस लागतात (ऑटोकॉन्फ, ऑटोमेक, पीकेजी-कॉन्फिग, लिबमॉडबसची डेव्ह आवृत्ती) आणि आधी ‘ऑटोरीकॉन्फ --इन्स्टॉल’, मग कॉन्फिगर, मग मेक. त्या मुलानं शिरोलीत तेवढंच वाचून एकट्यानं बिल्ड केला आणि मला काट्यावरच्या कास्टिंगचा आणि पडद्यावरच्या आकड्याचा एकत्र फोटो पाठवला.